आधी मोजा, मग थापी उचला: गोव्यातल्या जुन्या वसतिगृहाची पाहणी आणि दुरुस्ती

चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) जाड भिंती, मंगळुरी कौले, मधे राजांगण (आतला उघडा चौक) आणि वरच्या मजल्यावर मुलांची निजण्याची लांबलचक खोली. अशा इमारतीत बिघाड दिसतो तो गिलाव्यावर, म्हणून दुरुस्तीही गिलाव्यावरच होते. दोन पावसाळे गेले की तोच डाग हातभर वर सरकून पुन्हा उमटतो, कारण पाणी येत असते भलतीकडून. म्हणून इथे क्रम उलटा धरला आहे: आधी मोजणी, मग पाण्याची वाट, मग छप्पर आणि भिंत सगळ्यांत शेवटी.

सगळ्यात आधी कागदपत्रे. इमारत पणजीच्या मळा-फोंताइन्हाससारख्या संवर्धन क्षेत्रात असेल, तर नगरनियोजन खात्याकडे विचारणा केल्याशिवाय बाहेरच्या बाजूला हात लावू नका. जुना आराखडा मिळाला तर पणजीच्या पुराभिलेख खात्यात मिळेल. पण मिळाला तरी त्यावर भिस्त ठेवू नका. आराखड्यात होते ते सगळे बांधले गेलेच असे नसते, आणि बांधले ते सगळे आज उभे आहे असेही नसते.

मोजणी

दोन माणसे, ३० मीटरची टेप, ५ मीटरची टेप, ओळंबा, पाणसळ आणि १० मीटरची पारदर्शक नळी एवढ्यावर काम होते. लेझर मीटर असेल तर उत्तम, पण उन्हात त्याचा ठिपका दिसत नाही आणि खडबडीत चिऱ्यावर आकडा हलतो. तळमजल्याचा नकाशा १:१०० प्रमाणात, उभा छेद १:५० आणि खिडकी-दाराचे तपशील १:२० प्रमाणात काढा.

भिंत मोजताना प्रत्येक दार-खिडकी सुटी मोजू नका. टेपचे टोक एका कोपऱ्यात धरून ठेवा आणि टेप न उचलता आकडे ओळीने वाचत जा: ०, १.१२, २.०४, ३.८५. सुटे आकडे बेरजेला घेतले की प्रत्येक मापातली सेंटिमीटरभर चूक साठत जाते आणि २० मीटरच्या भिंतीत नकाशा वीतभर चुकतो.

प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण घ्या. ६ मीटर × ८ मीटरची खोली काटकोनात असेल, तर दोन्ही कर्ण १० मीटर भरतात. एक ९.९४ आणि दुसरा १०.०६ आला तर खोली तिरकी आहे. जुन्या बांधकामात हे नेहमीचेच, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पण कर्ण न घेता खोली चौकोनी काढली, की शेजारच्या खोलीशी भिंत जुळत नाही आणि चूक कुठे झाली ते सापडत नाही. भिंतीची जाडी दाराच्या चौकटीत मोजा. मग बाहेरच्या एकूण लांबीतून आतल्या खोल्यांची लांबी आणि भिंतींची जाडी वजा करा. उत्तर शून्य आले नाही तर कुठेतरी बंद केलेले कपाट, बुजवलेले दार किंवा दुहेरी भिंत आहे.

पातळीसाठी नळीत पाणी भरा. हवेचे बुडबुडे काढून टाका, नाहीतर सगळेच मोजमाप फसते. नळीच्या पाण्याशी जुळवून इमारतीभर एकाच पातळीची खूण जमिनीपासून साधारण १ मीटरवर करत जा आणि तिथून खाली व वर मापे घ्या. ज्या कोपऱ्यात खुणेखालचे अंतर बाकीच्यांपेक्षा ४-५ सेंटिमीटरने जास्त भरते, तिथे जमीन खचली आहे. भेगा शोधायला तिथूनच सुरुवात करा.

नकाशा वाचायचा कसा

वसतिगृहाचा नकाशा म्हणजे शिस्तीचा नकाशा. इंग्लंडमधल्या जुन्या निवासी शाळा यासाठी अभ्यासायला चांगल्या. विंचेस्टर कॉलेजची स्थापना १३८२ची. तिथल्या चौकाभोवती तळमजल्यावर मुलांच्या सामाईक खोल्या आणि वरच्या मजल्यावर फेलोंचा (संस्थेच्या कारभारी सदस्यांचा) मुक्काम अशी मांडणी होती. इटनची स्थापना सहाव्या हेन्रीने १४४० मध्ये केली. तिथे गरीब शिष्यवृत्तीधारक मुलांची झोपण्याची एकच अजस्र खोली होती. १८४०च्या दशकात तिच्यात आडोसे घालून स्वतंत्र कप्पे केले गेले. पुढे एकोणिसाव्या शतकात ‘बोर्डिंग हाऊस’ हा ठरीव नमुना रुळला: गृहप्रमुखाच्या कुटुंबाचे घर एका बाजूला, मुलांची बाजू दुसरीकडे, दोघांना वेगवेगळी दारे आणि मधे एक दार, ज्याची किल्ली गृहप्रमुखाकडे. नकाशावर ते मधले दार सापडले, की कोणती बाजू आधी बांधली आणि कोणती नंतर जोडली, हे बहुधा उलगडते. तिकडे आणखी एक युक्ती चालते. छपरावरची धुरांडी मोजायची. प्रत्येक शेगडीला स्वतंत्र धूरनळी असल्याने, आग कोणत्या खोल्यांत पेटत होती आणि मुलांच्या खोल्या किती थंड होत्या, ते बाहेरूनच कळते.

गोव्यात धुरांडी नाहीत, पण तसेच पुरावे इथेही आहेत. पायऱ्यांची झीज बघा: मुख्य जिना मधोमध झिजलेला, तर मागचा कठड्याच्या बाजूने. अग्रशाळांच्या (देवळालगतच्या यात्रेकरू-निवासांच्या) धर्तीवरच्या इमारतीत ओवरीला लागून खोल्यांची रांग असते. तिथे दोन दारांमधली अंतरे मोजली, की एखादे सगळ्यांपेक्षा दुप्पट भरते. मधली आडवी पडदी (पातळ भिंत) नंतर काढली असावी, असा तो संशय. भिंतीत राहिलेल्या तुळयांच्या खोबणी, विहिरीपासून न्हाणीघरापर्यंतची दगडी पन्हळ, बाल्कावातला (दारापुढच्या ओसरीतला) घासून गुळगुळीत झालेला सोपो (बांधीव बाक) हे सगळे नकाशावर टिपा. ज्या भिंतीत शेजारच्या भिंतीचे चिरे गुंतलेले नाहीत, तर सरळ उभा सांधा आहे, ती नंतरची भिंत. असा सांधा सिमेंटने बुजवू नका. दोन बाजू वेगवेगळ्या हलतात, त्यामुळे भेग पुन्हा येणारच.

भेगा

भेगेचा आकार कारण सांगतो. खिडकीच्या कोपऱ्यातून पायऱ्यापायऱ्यांनी तिरकी उतरणारी भेग म्हणजे पाया खचल्याची खूण. भिंतीच्या माथ्याजवळ, छपराखाली, लांबच लांब आडवी भेग पडली असेल, तर वासे भिंतीला बाहेर ढकलत आहेत. आडवी बांधणारी तुळई कुजली किंवा कुणीतरी ‘डोक्याला लागते’ म्हणून कापून टाकली, की असे होते. ओळंबा सोडून पाहा: भिंतीचा माथा जोत्यापेक्षा किती बाहेर गेला आहे ते मोजून लिहून ठेवा. भिंत जाडीच्या सहाव्या भागापेक्षा जास्त झुकली असेल, तर काम थांबवा, खालून टेकू द्या आणि संरचना अभियंता बोलवा.

बाकीच्या भेगा नुसत्या पाहू नका, मोजा. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू पक्का बसवा आणि दर महिन्याला दोन डोक्यांमधले अंतर व्हर्नियरने घ्या. किमान एक आख्खा पावसाळा जाऊ द्या. पावसात उघडून उन्हाळ्यात पूर्ववत मिटणारी भेग आणि दर महिन्याला अर्धा मिलिमीटर वाढणारी भेग, यांचे उपाय अगदी वेगळे आहेत.

ओल कुठून येते

इथे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. त्यामुळे भिंतीचे बहुतेक रोग पाण्यापासून सुरू होतात. जमिनीतून चढणारी ओल सहसा मीटरभराच्या आत थांबते आणि तिची रेघ लाटेसारखी असते. वरून येणारी ओल खिडकीच्या वर, तुळईच्या टोकाशी किंवा पन्हळीखाली थेट ओघळ दाखवते. शंका असेल तर ३० × ३० सेंटिमीटरचा ॲल्युमिनियम कागद भिंतीवर चारही बाजूंनी चिकटवा आणि दोन दिवसांनी सोडवा. कागदाची भिंतीकडची बाजू ओली असेल तर पाणी भिंतीतले. खोलीकडची बाजू ओली असेल तर हवेतली वाफ गारठून तिथे बसली. वीस मुले एका खोलीत झोपतात, दोऱ्यांवर कपडे वाळत असतात आणि पावसाळ्यात खिडक्या बंद असतात, तेव्हा दुसरे कारण नेहमीचे. त्याला हवा लागते, रंगकाम नव्हे.

वळचणीच्या पागोळ्या जिथे पडतात तिथली माती उडून जोत्यावर बसते आणि तिथून भिंत कुजायला लागते. हे पाहून लोक भिंतीला चिकटून सिमेंटचा पट्टा घालतात. जमिनीतली ओल पट्ट्यातून वर जाऊ शकत नाही, म्हणून ती भिंतीतून चढते. ही सर्वांत जास्त केली जाणारी चूक आहे. भिंतीलगत ४५ सेंटिमीटर रुंद खडीचा पट्टा ठेवा आणि त्याच्या पलीकडे चिऱ्याचे गटार काढा. गटाराला ५० मीटरला किमान १ मीटर उतार हवा. जोते निदान ३० सेंटिमीटर जमिनीवर दिसले पाहिजे. वर्षानुवर्षे भराव घालून अंगण चढलेले असेल, तर ते खणून उतरवा.

पश्चिमेच्या भिंतीवर पावसाचा मारा सरळ असतो. तिला जूनच्या आधी विणलेल्या चुडतांचा (माडाच्या झावळ्यांचा) आडोसा बांधण्याची जुनी पद्धत अजूनही स्वस्त आणि चांगली. निळ्या प्लास्टिकपेक्षा नक्कीच, कारण चुडतांतून भिंतीला वाराही लागतो.

छपराची शाकारणी

मंगळुरी कौलाचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६०च्या दशकात मंगळूरला काढला. त्याआधीच्या इमारतींवर नळीची कौले असत. तुमच्या इमारतीचे वासे मंगळुरी कौलाच्या अंतराने आहेत की त्याआधीच्या, हे माळ्यावर चढून पाहा. जुन्या वाशांवर नव्या रिपा (कौले टेकतात त्या आडव्या पट्ट्या) ठोकलेल्या दिसल्या तर छप्पर बदलले गेले आहे.

हिशोब असा मांडा. इमारत वळचणीसह २० मीटर × ९ मीटर, छपराचा उतार ३० अंशांचा. एका पाख्याची (छपराच्या एका उताराची) तिरकी लांबी साधारण ५.२ मीटर, दोन पाख्यांचे क्षेत्र २०८ चौरस मीटर. चौरस मीटरला १५ कौले धरली तर ३१२० आणि फुटीसाठी दहा टक्के धरून ३४००च्या आसपास मागवा. आढ्यावरची कोन्याची कौले मीटरला ३ प्रमाणे ६०. कौल सुके असताना अडीच किलो धरले तर एकूण वजन पावणेआठ टन होते, आणि भिजलेल्या छपराचे त्याहून जास्त. कुजलेल्या वाशांवर आधी कौले चढवू नका.

कौल घेताना बोटाच्या पेऱ्याने वाजवून पाहा. खणखणीत वाजले पाहिजे, भद्द आवाजाचे बाजूला ठेवा. दहा-बारा कौले वजन करून रात्रभर पाण्यात बुडवा आणि पुन्हा वजन करा. अडीच किलोचे तीनच्या पुढे गेले तर ती रास परत पाठवा. वेगवेगळ्या कारखान्यांची कौले एका पाख्यावर मिसळू नका, कारण खाचा जुळत नाहीत आणि जोराच्या वाऱ्यात पाणी उलटे आत जाते. जुनी चांगली कौले दिसण्याच्या बाजूला एकत्र करा, नवी मागच्या पाख्यावर. रिपांचे अंतर पुस्तकातून घेऊ नका. दोन कौले एकमेकांत अडकवून, ओढून आणि सैल सोडून अशी दोनदा मोजा आणि मधले माप घ्या. ते साधारण ३२ सेंटिमीटर येते.

छप्पर एकदम उघडू नका. तीन मीटरचा पट्टा घ्या आणि दोन्ही पाखी सारखीच उतरवा. एका बाजूचे सगळे ओझे काढले तर आढे दुसरीकडे झुकते. राजांगणाच्या चार आतल्या कोपऱ्यांत पाखी जिथे भेटतात, तिथले पत्र्याचे खोल पन्हळ निदान ४५ सेंटिमीटर रुंद हवे. समुद्राजवळ साधा जस्ताचा पत्रा लवकर गंजतो, त्यामुळे तांबे किंवा ॲल्युमिनियम वापरा. मात्र तांब्यावरून वाहिलेले पाणी ॲल्युमिनियमवर पडू देऊ नका. ते त्याला खाते.

लाकूड तपासायला टोचा पुरेसा. तुळईचे भिंतीत गेलेले टोक सगळ्यांत आधी कुजते, म्हणून तिथे टोचा. तो सेंटिमीटरभराहून जास्त सहज घुसला तर तेवढा भाग गेला. संपूर्ण तुळई बदलण्याची गरज क्वचितच असते. कुजलेले टोक कापून त्याच जातीच्या सुक्या लाकडाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडा. सांध्याची लांबी तुळईच्या उंचीच्या किमान तिप्पट ठेवा आणि तो बोल्टने आवळा. टोकाभोवती भिंतीत दोन सेंटिमीटर मोकळी हवा सोडा. तिथे सिमेंट भरले की पुढचे टोक दहा वर्षांत तसेच कुजते. वाळवीच्या मातीच्या नळ्या तोडून त्या कुठून निघाल्या तिथपर्यंत मागे जा. वरून फवारणी करून उपयोग नाही.

गिलावा

सध्या ‘हेरिटेज लुक’ म्हणून गिलावा खरवडून चिरा उघडा करण्याची टूम आहे. चिरा खाणीतून मऊ निघतो आणि हवेत कडक होतो, हे खरे. पण त्यात भोके असतात आणि उघड्यावर तो पावसात झिजतो. जुन्या गोव्याच्या बॉम जीझस बॅसिलिकाचा गिलावा १९५०च्या दशकात पोर्तुगीज वास्तुविद बाल्ताझार कास्त्रो यांनी काढायला लावला. उघड्या दगडाचे काय करायचे, हा वाद तेव्हापासून आजतागायत चालू आहे. इंग्लंडात हाच खेळ एकोणिसाव्या शतकात झाला होता. जुन्या चर्चच्या भिंती खरवडून मूळ दगड दाखवण्याच्या हौसेविरुद्ध विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये संस्था काढली आणि तिला ‘अँटी-स्क्रेप’ हे टोपणनावच पडले. खरवडण्यासाठी गुत्तेदार पैसे घेतो आणि परत गिलावा करण्यासाठीही घेतो, एवढे लक्षात ठेवा.

चिऱ्यावर सिमेंटचा गिलावा मात्र नको. चिरा ओल शोषतो आणि हळूहळू सोडतो. सिमेंटने तोंड बंद झाले की क्षार आतच साठतात आणि एक दिवस फुगून गिलाव्याची ताटे सुटतात, सोबत चिऱ्याचाही थर घेऊन. सिमेंट काढताना छिन्नी भिंतीला समांतर धरा. कुठे सुटत नसेल, तर तो भाग सोडून द्या, दगड फोडू नका.

चुना करायचा तर सहा महिने आधी सुरुवात करा. कळीचा चुना पाण्यात टाका, चुन्यावर पाणी कधीच ओतू नका, कारण तो उसळून अंगावर येतो. गॉगल आणि हातमोजे हवेत, आणि शेजारी स्वच्छ पाण्याची बादली. चुना विरवून झाला की जाळीतून गाळा, वर बोटभर पाणी ठेवून झाका आणि मुरू द्या. तीन आठवडे हा किमान काळ, तीन-चार महिने झाले तर लोण्यासारखा होतो. घाईत अर्धवट विरलेले कण गिलाव्यात राहिले, तर ते पावसात फुगून नाण्याएवढे खड्डे पाडतात.

वाळूचे प्रमाण स्वतः काढा. एक भांडे सुक्या वाळूने काठोकाठ भरा आणि मोजून पाणी ओता. वर येईपर्यंत जेवढे पाणी लागले, तेवढी पोकळी चुन्याने भरायची. सामान्यतः हे एक तृतीयांशाच्या आसपास येते, म्हणून १ भाग चुना आणि ३ भाग वाळू हे प्रमाण रूढ आहे. ओलसर भागात १ चुना, १ विटेची सुरखी आणि २ वाळू घ्या. सुरखीमुळे मिश्रण ओलीतही पकडते. खारी वाळू वापरू नका. वाळू काचेच्या बरणीत पाण्यासह हलवून ठेवा. वर बसलेला गाळाचा थर वाळूच्या उंचीच्या विसाव्या भागापेक्षा जाड असेल तर ती धुऊन घ्या.

आदल्या संध्याकाळी भिंत पोटभर भिजवा. सकाळी ती ओलसर हवी, पण वरून पाणी ओघळता कामा नये. थर १० ते १२ मिलिमीटरपेक्षा जाड घालू नका. खड्डा खोल असेल तर चुन्यात बुडवलेले चिऱ्याचे तुकडे बसवून आधी तो भरा. पहिला थर रेषा पाडून खरबरीत ठेवा आणि नखाची फक्त खूण उमटेल इतपत कडक होऊ द्या, मग दुसरा द्या. पहिले आठ-दहा दिवस ओले गोणपाट बांधून ठेवा. गोव्यात हे काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतच. एप्रिलच्या उन्हात पाणी उडून चुना तडकतो, आणि जूनमध्ये सुरू केलेले काम वाळतच नाही. वर चुन्याची सफेदी चार-पाच पातळ हातांत, दुधासारखी सरसरीत. पहिला हात लावल्यावर भिंत आरपार दिसली पाहिजे. दाट हात एकदम दिला की पापुद्रे सुटतात. प्लास्टिक रंगाने सगळा खटाटोप वाया जातो.

शिंपल्यांच्या खिडक्या

या चौकटींतले पारदर्शक शिंपले तडकले की चौकटच फेकून दिली जाते. तसे करू नका. हा शिंपला संरक्षित आहे, खाडीतून नवा काढता येत नाही. पाडलेल्या घरांच्या चौकटी विकत घेऊन त्यांतले शिंपले कोमट पाण्यात मऊ ब्रशने धुवा आणि पट्ट्यांच्या खोबणीत सैलसर सरकवा. आवळून बसवले तर लाकूड फुगल्यावर ते चुरतात. खिडकीला डिंक किंवा सिलिकॉन लावू नका.

वसतिगृह म्हणून आज

आधी वजने. १००० लिटरची टाकी म्हणजे फक्त पाण्याचेच १ टन. ती कौलारू इमारतीच्या भिंतीवर कधीच नको, बाहेर वेगळ्या मचाणावर ठेवा. वरच्या लाकडी तक्तपोशीवर वसतिगृहासाठी चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात. दोन मजली लोखंडी पलंग, दोन मुले आणि दोन ट्रंका मिळून २३० किलो होतात. ते चार पायांवर वाटले तर प्रत्येकी ५७ किलोच्या पुढे. पायांखाली लांब फळी घाला, पलंग भिंतीलगत आणि तुळयांना आडवे लावा, मधोमध गर्दी करू नका.

शौचालये शक्य तर मागच्या बाजूला वेगळ्या खोलीत, दोन-तीन मीटरच्या छपरी वाटेने जोडलेली. नळ आणि निचऱ्याचे पाइप भिंतीत कोरून नेऊ नका, बाहेरून न्या. गळती लगेच दिसते आणि चिरा फुटत नाही. लोखंडी गजांच्या खिडक्यांपैकी निजण्याच्या प्रत्येक खोलीत एक तरी खिडकी आतून, किल्लीशिवाय, उघडता आली पाहिजे. वरच्या मजल्याला एकच लाकडी जिना असेल, तर दुसरा बाहेरून लोखंडी उभा करा आणि त्याचा पाया भिंतीपासून मोकळा ठेवा.

जूनच्या पहिल्या जोरदार सरीला टॉर्च घेऊन माळ्यावर चढा. थेंब पडतो तिथे नाही, तर रिपांच्या खालच्या बाजूने पाणी ज्या ठिकाणाहून ओघळत येते, त्या कौलावर खडूने गोल करा आणि शेजारी तारीख लिहा.